अंगणवाडीत मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस : औषध उत्तम, पाठपुरावा अपुरा

माझ्या दोन्ही मुलांचे अ जीवनसत्त्वाचे सगळे डोस गावच्या अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात झाले. धाकट्याचा शेवटचा डोस नुकताच पार पडला, त्यामुळे या सेवेविषयी आरंभापासून अखेरपर्यंत लिहिता येईल इतका अनुभव आता गाठीशी आहे. बाळाचे तेल, दुपटी, दात येतानाची खेळणी यांविषयी पालक एकमेकांसाठी आवर्जून लिहितात. परंतु ज्या औषधाचा संबंध थेट मुलाच्या दृष्टीशी आणि आजारातून तगून जाण्याच्या त्याच्या ताकदीशी आहे, त्याविषयी एखाद्या पालकाने सविस्तर लिहिलेले मला शोधूनही फारसे सापडले नाही. माझे मत आधीच सांगते. औषध उत्तम आहे, देण्याची पद्धत सोपी आहे आणि नीट पाळली तर सुरक्षितही आहे. मात्र दुसऱ्या डोसानंतर ही सेवा बऱ्याच अंशी आईबापांच्या स्मरणशक्तीवर सोपवली जाते, आणि तिचे सर्वांत मोठे न्यून तेच आहे.

वेळापत्रक असे आहे. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीसोबत १ मिलिलिटर, म्हणजे १ लाख युनिट. १६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या लसीसोबत २ मिलिलिटर, म्हणजे २ लाख युनिट. आणि तेथून पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट. असे एकूण नऊ डोस होतात आणि त्यांची बेरीज १७ लाख युनिट भरते. हा आकडा ऐकून घरातली वडीलधारी माणसे दचकतात, माझ्या सासूबाईही दचकल्या होत्या. पण औषधाच्या भाषेत १ युनिट म्हणजे रेटिनॉलचा ०.३ मायक्रोग्रॅम इतका सूक्ष्म अंश असतो, त्यामुळे २ लाख युनिट म्हणजे प्रत्यक्षात अवघे ६० मिलिग्रॅम अ जीवनसत्त्व होते. यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

इतका मोठा डोस एकदम देऊन तो सहा महिने कसा पुरतो, हा प्रश्न मला पहिल्या वेळी पडला होता. क जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली की लघवीवाटे निघून जातात. अ जीवनसत्त्व मात्र चरबीत विरघळते आणि यकृतात साठून राहते. सुगीत भरलेली कणगी जशी पुढच्या हंगामापर्यंत घराला पुरते, तसे यकृत हा साठा लागेल तेवढाच रक्तात सोडत राहते आणि लहान मुलाला तो साधारण चार ते सहा महिने पुरतो. सहा महिन्यांचे अंतर यातूनच आले आहे. डोस लांबणीवर पडला की साठा आटत जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे आईला त्याचा पत्ता लागत नाही.

साठा संपत आला की पहिला फटका अंधुक प्रकाशातल्या दृष्टीला बसतो, कारण डोळ्याच्या पडद्यावरील ज्या पेशी कमी उजेडात काम करतात, त्यांचे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासूनच बनते. मूल दिवसभर व्यवस्थित खेळते आणि दिवेलागणीला मात्र एका जागी बसून राहते किंवा उंबऱ्याला अडखळते. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ, राखाडी-पांढरे ठिपके दिसू लागतात, ज्यांना बिटॉटचे ठिपके म्हणतात. दुर्लक्ष झाले तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, मऊ होतो, फुटतो आणि दृष्टी कायमची जाते. डोळ्यांइतकाच परिणाम श्वासनलिका आणि आतडी यांच्या आतल्या अस्तरावरही होतो. ते अस्तर कोरडे व दुबळे झाले की जुलाब, गोवर यांसारखे आजार मुलाला अधिक जोराने धरतात. म्हणून या औषधाला केवळ डोळ्यांचे औषध समजणे अपुरे आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळते. औषध पिवळसर आणि काहीसे तेलकट असते, चवीला गोडसर लागते, आणि आमच्या दोन्ही मुलांनी ते विनातक्रार घेतले. बाटली साधारणतः १०० मिलिलिटरची असते, म्हणजे २ मिलिलिटरच्या हिशेबाने एका बाटलीत पन्नास मुलांचे डोस होतात. तिला लसीप्रमाणे शीतपेटी लागत नाही. थेट उन्हापासून दूर, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवली की पुरे. बाटली उघडल्यावर मात्र ती सहा ते आठ आठवड्यांत संपवायची असते, आणि त्यासाठी उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहून ठेवायची असते. एका सत्रात मला ती तारीख दिसली नाही. मी विचारले तेव्हा सिस्टरनी नोंदवही उघडून तारीख दाखवली आणि ती माझ्यासमोर बाटलीवर लिहिली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट अशी विचारणा कोणीच करत नाही असे त्या म्हणाल्या. प्रत्येक आईने हा एक प्रश्न नक्की विचारावा.

या सेवेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बाटलीसोबत येणारा छोटा प्लॅस्टिकचा चमचा. काठोकाठ भरला की २ मिलिलिटर, आणि आतल्या खुणेपर्यंत भरला की १ मिलिलिटर. डोसाची सगळी सुरक्षितता या चमच्यावर उभी आहे, कारण द्रावण इतके तीव्र आहे की घरातल्या चहाच्या चमच्याने ते दिले तर साधारण अडीचपट औषध पोटात जाईल. नोव्हेंबर २००१ मध्ये आसाममधील मोहिमेत नेहमीच्या चमच्याऐवजी ५ मिलिलिटरचे पेले वापरले गेले, त्यानंतर अनेक मुले आजारी पडली, मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि देशभर मोठा वाद झाला. मृत्यूंचे कारण काय यावर मतभेद झाले असले, तरी मापाचे साधन बदलले की काय गोंधळ उडू शकतो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. म्हणूनच अंगणवाडीत चमचा हरवला असेल तर अंदाजाने डोस घेऊ नये, पुढच्या सत्राला यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या सेविकाताई प्रत्येक मुलासाठी चमचा भरून तो आधी आईला दाखवत, मग मुलाच्या तोंडात रिकामा करत आणि मुलाने गिळले की नाही ते पाहूनच पुढच्या मुलाकडे वळत. या शिस्तीला मी पूर्ण गुण देते.

दुष्परिणामांविषयी जे सांगितले जाते ते खरे ठरले. काही मुलांना डोसानंतर मळमळ, उलटी किंवा डोकेदुखी होते, अगदी लहान बाळांची टाळू थोडी फुगलेली वाटते, आणि हे सगळे बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. आमच्या धाकट्याला एकदा संध्याकाळी उलटी झाली, दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा होता. गरोदर स्त्रीने मात्र हे औषध चुकूनही घेऊ नये, कारण अ जीवनसत्त्वाची इतकी मोठी मात्रा गर्भातल्या बाळाच्या वाढीला घातक ठरू शकते. घरात उरलेली बाटली, ओळखीतून मिळालेला जादा डोस असले प्रकार त्यासाठीही टाळावेत.

सेवेच्या माणसांविषयी माझी तक्रार नाही. सत्राच्या आदल्या दिवशी आशाताई घरी येऊन सांगून जात. आरोग्य सेविका थोरलीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहत आणि दर वेळी न चुकता विचारत, “संध्याकाळी अंधारात अडखळते का हो? ताटातला घास हाताला लागतो का?” मुलाची दृष्टी तपासण्याची एवढी साधी आणि एवढी नेमकी पद्धत मी मोठ्या दवाखान्यातही पाहिली नाही. दोन-तीन वर्षांचे मूल आपल्याला दिसत नाही हे सांगू शकत नाही, ते आईच्या निरीक्षणातूनच कळते, आणि हे त्या सेविकेला पक्के ठाऊक होते.

अडचण वेळापत्रकातच दडलेली आहे. पहिले दोन डोस लसीसोबत येतात, आणि लस चुकू नये याची काळजी घर व यंत्रणा दोघेही घेतात. दीड वर्षानंतर मात्र टोचायची पुढची लस थेट पाच वर्षांनी येते. मधल्या साडेतीन वर्षांत येणारे सात डोस कोणत्याही सुईला बांधलेले नसतात. कार्डावर त्यांचे रकाने असतात, पण तारखेची आठवण करून देणारे कोणी नसते. वर्षातून दोनदा मोहीम होते, कधी ती जंतनाशक गोळीच्या फेरीला जोडलेली असते, आणि त्या काळात कुटुंब गावात असले तर डोस मिळतो. नसले तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. थोरलीच्या वेळी आम्ही काही काळ दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलो होतो. तेथल्या अंगणवाडीत तिचे नाव नव्हते, आणि कार्ड दाखवूनही आधीचे डोस नोंदवून घ्यायला बरेच दिवस गेले. आमच्याकडे कार्ड तरी होते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत गावात फेरी होते तेव्हा मूल फडावर असते, आणि फडाजवळच्या अंगणवाडीच्या यादीत ते नसते. ज्यांच्या ताटात दूध, अंडी, फळे सर्वांत कमी, त्यांचेच डोस सर्वांत जास्त चुकतात, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, ९ ते ३५ महिने वयाच्या सुमारे ७१ टक्के मुलांना मागील सहा महिन्यांत हा डोस मिळाला होता. आकडा वाईट नाही, पण तो तीन वर्षांखालील मुलांचा आहे आणि एकाच डोसाविषयी सांगतो. नऊच्या नऊ डोस किती मुलांना मिळाले, हे त्यातून कळत नाही. माझ्या ओळखीतल्या मुलांची कार्डे पाहिली तर तिसऱ्या-चौथ्या रकान्यानंतर कोरी जागा दिसू लागते.

या डोसाची आता गरज उरली आहे का, असा प्रश्न काही सुशिक्षित पालक विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधनाच्या आधारे १९७० मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा उद्देश अंधत्व टाळण्याचा होता. पुढे इंडोनेशियातील आचे प्रांतात आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी आढळले. १९९० मध्ये तमिळनाडूतील अभ्यासात दर आठवड्याला लहान मात्रा देऊन ५४ टक्के घट दिसली. याउलट उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घट अवघी ४ टक्के होती, म्हणजे ती योगायोगानेही असू शकते इतकी थोडी. सगळे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये काढलेला निष्कर्ष सुमारे १२ टक्के घटीचा आहे.

दुसरीकडे, २०१६ ते २०१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के मुलांत अ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. जागतिक आरोग्य संघटना २० टक्के किंवा त्याहून अधिक मुलांत कमतरता असेल तर तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानते. त्यामुळे सरसकट सगळ्यांना डोस देण्याऐवजी जेथे कमतरता जास्त आहे तेथेच तो द्यावा, असे म्हणणारे नामवंत पोषणतज्ज्ञ देशात आहेत, आणि तेलात व दुधात अ जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागल्यावर त्यांच्या म्हणण्याला वजन आले आहे. मी ही चर्चा वाचून माझ्या घरापुरता निर्णय घेतला. देशाची सरासरी १८ टक्के असली तरी राज्याराज्यांत आणि एकाच जिल्ह्यातल्या दोन वस्त्यांत मोठे अंतर असते. माझे मूल त्या अठरांत आहे की उरलेल्या ब्याऐंशींत, हे रक्त तपासल्याशिवाय समजत नाही, आणि अंगणवाडीत तशी तपासणी होत नाही. ठरलेल्या मापाने, ठरलेल्या अंतराने दिलेला डोस सुरक्षित आहे. तेव्हा धोरण बदलेपर्यंत तो चुकवण्याचे कारण मला दिसत नाही. धोरण बदललेच तर आदिवासी पाडे, स्थलांतरित कुटुंबे आणि शहरांतल्या झोपडपट्ट्या यांचा डोस शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

गोवराची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. गोवर झाला की शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटतो, आणि म्हणून गोवराच्या रुग्णाला वयानुसार एक डोस लगेच आणि दुसरा दुसऱ्या दिवशी द्यावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, मग त्याला आधी नियमित डोस मिळाला असो वा नसो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ पसरली, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातूनही रुग्ण समोर आले, तेव्हा लसीइतकीच या औषधाचीही आठवण सगळ्यांना झाली. अंगावर देवी आल्या म्हणून मुलाला घरातच ठेवण्याची रीत आजही काही घरांत आहे. श्रद्धा कोणाची कितीही असो, मुलाला हे औषध त्याच दिवशी मिळायला हवे.

शहरातल्या वाचकांसाठी एक वेगळी नोंद. माझ्या बहिणीच्या मुलीच्या सगळ्या लसी एका खासगी दवाखान्यात अगदी वेळेवर झाल्या, पण अ जीवनसत्त्वाचा विषय तेथे कधी निघालाच नाही. तिने नंतर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चौकशी केली आणि तेथे डोस सहज, विनामूल्य मिळाला. बाजारात मिळणाऱ्या बहुजीवनसत्त्वाच्या थेंबांतही अ जीवनसत्त्व असते, पण त्याची रोजची मात्रा फार लहान असते. ते थेंब चालू असतील तर तसे डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगून मगच मोठा डोस घ्यावा. चुकलेला डोस भरून काढण्यासाठी दोन डोस एकदम कधीही घेऊ नयेत. पाच वर्षांच्या आत मूल असेल तर चुकलेला डोस मिळेल त्या सत्राला घ्यावा आणि पुढचा तेथून सहा महिन्यांनी.

आहाराचा विषय अंगणवाडीत अधिक सांगितला जावा असे मला वाटते. कार्यक्रम सुरू झाला त्या काळात हैदराबादच्या संस्थेचे नेतृत्व करणारे डॉ. सी. गोपालन यांनीही पुढे मोठ्या डोसापेक्षा रोजच्या अन्नावर भर देण्याचा आग्रह धरला होता. सुरुवात जन्मानंतर लगेच होते. पिवळसर घट्ट चीक अ जीवनसत्त्वाने समृद्ध असतो आणि तो टाकून देण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. पुढे शेवग्याचा पाला, माठ, मेथी, अळू, लाल भोपळा, गाजर, पपई आणि उन्हाळ्यात आंबा, शिवाय अंडे, दूध आणि खाणाऱ्यांच्या घरात कलेजी. भाज्यांतल्या ज्या रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते शोषले जायला थोडे तेल लागते, त्यामुळे लहान मुलाची पालेभाजी पाण्यात नुसती उकडून देण्यापेक्षा तेलाच्या फोडणीची द्यावी. हे एक वाक्य जरी अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले गेले तरी उपयोग होईल. आमच्या अंगणवाडीत तक्ते होते, पण ते कपाटाच्या मागे गेले होते.

गुण द्यायचेच झाले तर औषधाला पाचपैकी पाच, देणाऱ्या माणसांना पाचपैकी साडेचार आणि पाठपुराव्याला जेमतेम अडीच. यंत्रणेने एवढे केले तरी मोठा फरक पडेल: दीड वर्षाच्या डोसानंतर पुढच्या प्रत्येक डोसाची तारीख कार्डावर आधीच लिहून द्यावी, दुसऱ्या गावच्या मुलालाही कार्ड दाखवताच डोस द्यावा, आणि आईच्या मोबाइलवर लसीसारखाच या डोसाचाही संदेश यावा. आशाताईंकडे आधीच कामांचा ढीग असतो, त्यामुळे हा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर टाकू नये.

पाच वर्षांनंतर ही सेवा थांबते, पण कमतरता थांबत नाही. वर उल्लेखिलेल्या पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयोगटात ती सुमारे २२ टक्के, म्हणजे लहान मुलांपेक्षाही जास्त आढळली. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते आणि बिटॉटचे ठिपके पाहणे त्यांच्या कामात मोडते. मुलाला संध्याकाळी कमी दिसते अशी शंका जरी असली, तरी ती पथक येण्याच्या दिवशी चिठ्ठीत लिहून मुलाजवळ द्यावी, आणि पथक यायला वेळ असेल तर न थांबता त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लक्षणे दिसणाऱ्या मुलाला उपचार म्हणून पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा काही आठवड्यांनी डोस दिला जातो, आणि वेळेत दिला तर रातांधळेपणा थोड्याच दिवसांत कमी होतो.